चुलीजवळची श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळक

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत नारायण वामन टिळक नावाच्या एका तरुण चित्पावन ब्राह्मण कवीने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बातमी नाशिककडे पोहोचली आणि एका कुटुंबावर आकाश कोसळले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरात चार वर्षांच्या आतला दत्तू होता. नवरा जिवंत असूनही घरादाराच्या दृष्टीने तो मेल्यासारखाच होता. कपाळी कुंकू होते, पण त्या कुंकवाला अर्थ काय, हे सांगायला शास्त्रात कुठे वचन सापडत नव्हते. त्या काळच्या समाजाने अशा स्त्रीला विधवा म्हटले नाही आणि सौभाग्यवती म्हणून मानही दिला नाही.

ज्या धर्माने आपला संसार मोडला असे लक्ष्मीबाईंना वाटत होते, तोच धर्म पुढे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या विचाराने स्वीकारला आणि उरलेली छत्तीस वर्षे त्याच्या आधाराने काढली. मराठी वाचकांना लक्ष्मीबाई माहीत आहेत त्या 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून. त्या आत्मचरित्रातील विनोद, प्रांजळपणा आणि घरगुती भाषा यांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले. मात्र त्या हसऱ्या पानांमागे उभी असलेली त्यांची श्रद्धा, ती कशी आली आणि रोजच्या जगण्यात तिचा उपयोग त्यांनी कसा केला, हा त्यांच्या आयुष्याचा तेवढाच मोलाचा भाग आहे.

धुतलेल्या मिठाचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. वडील नाना गोखले हे सोवळ्याच्या वेडाने झपाटलेले गृहस्थ होते. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत नात्यातील एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या मनात विटाळाचे भय कायमचे घर करून बसले, अशी त्या घरची हकीकत. मग बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, असा दंडक पडला. धान्य धुतले जाई, तसे मीठही धुतले जाई आणि साखरही. धुतल्यावर त्यांचे काय उरत असेल, हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मुलांना कोणाला शिवता येत नसे, कोणाकडे मोकळेपणाने जाता येत नसे. धर्म म्हणजे भीती, आणि भीती म्हणजे पाण्याचे हंडे, असे समीकरण त्या घरात बालपणीच पक्के झाले.

पुढे आयुष्यात लक्ष्मीबाईंनी या सोवळ्याची भरपूर थट्टा केली. पण त्या थट्टेमुळे एक गोष्ट झाकली जाऊ नये. सोवळे त्यांच्या अंगात मुरलेले होते. ज्या मुलीने मीठ धुतलेले पाहिले, तिने पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले, तेव्हा तिने किती मोठे अंतर तोडले असेल, याची कल्पना या बालपणाशिवाय येत नाही.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरदेव नारायण वामन टिळक तिच्याहून सुमारे सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लहानपणीच गेली होती. वडिलांच्या कडक स्वभावाला कंटाळून मुलगा घराबाहेर पडला होता आणि नाशिकला येऊन संस्कृत शिकला होता. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, कविता हातचा मळ आणि व्यवहाराशी मात्र सदाचे वैर, असा हा माणूस होता.

टिळकांशी संसार म्हणजे वाऱ्याशी संसार. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. कधी रागाच्या भरात, कधी एखाद्या कल्पनेच्या मागे ते घर सोडून जात आणि दिवसेंदिवस पत्ता लागत नसे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या अडचणीला जाई, स्वतःच्या चुलीपर्यंत पोहोचत नसे. लक्ष्मीबाईंना कधी माहेरी, कधी बहिणीकडे, कधी सासरच्या माणसांत दिवस काढावे लागले. अपत्यवियोगाचे दुःखही याच काळात त्यांच्या वाट्याला आले. १८९१ मध्ये दत्तू, म्हणजे देवदत्त, जन्माला आला आणि तो जगला. या सगळ्या ओढगस्तीत टिळकांनी पत्नीला अक्षरओळख करून दिली. लिहिण्यात त्यांची गती फारशी झाली नाही, जोडाक्षरे तर अखेरपर्यंत त्यांना वाकुल्या दाखवीत राहिली. पण वाचनाची गोडी लागली आणि पुढच्या काळोख्या वर्षांत तीच उपयोगी पडली.

आगगाडीतील भेट

टिळकांचे मन धर्माच्या बाबतीत फार वर्षे अस्वस्थ होते. जातिभेद, रूढी, निरर्थक कर्मकांड यांनी समाज पोखरला आहे आणि त्याला नव्या धर्माची गरज आहे, असे त्यांना वाटू लागले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. त्या काळात आपणच एक नवा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक आधी टीकाकाराच्या नजरेने वाचायला घेतले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि मग त्यांना पुढे जाता येईना. दोन वर्षे ते मनाशी झगडत राहिले. अखेर १८९५ मध्ये त्यांनी उघड निर्णय घेतला.

हा निर्णय घेताना त्यांनी पत्नीला विश्वासात घेतले नाही. कदाचित तिचा आक्रोश ऐकण्याचे बळ त्यांच्यात नसावे. परिणाम व्हायचा तो झाला. त्या काळात ब्राह्मण घरातील माणूस ख्रिस्ती होणे ही साऱ्या प्रांतात गाजणारी घटना असे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या, तेव्हा उठलेले वादळ लोकांच्या स्मरणात ताजे होते. वर्तमानपत्रांनी टिळकांवर झोड उठवली. त्या शब्दांचा मार टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंना अधिक सोसावा लागला. नवरा ध्येयाच्या मागे गेला होता, बायको मात्र नातलगांच्या ओसरीवर, लोकांच्या नजरांच्या टप्प्यात बसलेली होती.

पहिल्या काही महिन्यांत त्यांची अन्नावरची वासना उडाली, झोप गेली, मन भ्रमिष्टासारखे झाले. याच दुःखात त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागल्या. लिहिता न येणाऱ्या बाईला दुःखाने कवयित्री केले. नाशिक आणि पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. आप्त प्रेमळ होते, तरी आश्रित म्हणून राहण्याचा सल काही जात नाही. दत्तूला बापापासून दूर ठेवावे असे घरच्यांना वाटे, आणि मुलगा तर वडिलांविषयी विचारीत राही.

कायद्याचे दार आणि न मोडलेले लग्न

या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८६६ चा एक कायदा त्या वेळी अमलात होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची पत्नी किंवा पती धर्मांतरामुळे त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर न्यायालयामार्फत ते लग्न रद्द करून घेण्याची आणि पुन्हा लग्न करण्याची मुभा त्या कायद्याने दिली होती. टिळकांपुढे हे दार उघडे होते. त्यांनी त्यातून पाऊल टाकले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, अपमान गिळत राहिले. लक्ष्मीबाई धर्मांतर करणार नाहीत, असे सगळे सांगत असताना ते वाट पाहत राहिले. संसारात बेजबाबदार वाटलेल्या माणसाने या एका बाबतीत दाखवलेली चिकाटी लक्ष्मीबाईंच्या मनात उतरल्याखेरीज राहिली नाही.

विभक्तपणाची वर्षे साडेचार ते पाच झाली. हळूहळू लक्ष्मीबाईंनी मनाशी ठरवले की नवऱ्याचा धर्म त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी, पण मुलाचा बाप आणि आपला नवरा यांच्याजवळ राहायला काय हरकत आहे? टिळक त्या वेळी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते आणि तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. लक्ष्मीबाई तिकडे गेल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, देव वेगळे. मिशनच्या आवारात ब्राह्मणी सोवळ्याचा एक छोटा किल्लाच त्यांनी उभा केला. टिळकांनी त्यावर हल्ला चढवला नाही. बायकोने आपल्यासाठी धर्म बदलावा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. धर्म ज्याचा त्याला उमगावा लागतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले होते.

किल्ला आतून पडला. शेजारीपाजारी राहणारी ख्रिस्ती माणसे लक्ष्मीबाई रोज पाहत होत्या. त्यांतील बहुतेक गावकुसाबाहेरच्या, महार आणि मांग समाजांतून आलेली. ती आजाऱ्याला बघतात, मुलांना शिकवतात, एकमेकांना हात देतात, आणि आपण मात्र त्यांच्या सावलीला भितो, हे त्यांच्या लक्षात येऊ लागले. एके रात्री झोप येईना, तेव्हा त्यांच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले. देवाने पशुपक्ष्यांत वेगवेगळ्या जाती केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत त्याने बाई आणि पुरुष एवढेच केले. मग ब्राह्मण आणि महार हा भेद देवाने केला असेल, तर त्याची खूण देहावर कुठे आहे? खूण नाही, तेव्हा भेद माणसाचा. हा विचार कोणी उपदेशकाने सांगितलेला नव्हता, पुस्तकातून आलेला नव्हता. मीठ धुणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने तो अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच करून घेतला. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या.

हा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली आणि मग धर्म स्वीकारला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बायको, अशी त्यांची प्रतिमा रंगवणाऱ्यांनी मधली पाच वर्षे विसरू नयेत. त्या पाच वर्षांत त्यांनी समाजाच्या दडपणाला तोंड दिले, नवऱ्याच्या आर्जवाला दाद दिली नाही, आणि जेव्हा पटले तेव्हाच पाऊल टाकले.

दुष्काळ, प्लेग आणि पोरकी मुले

नव्या धर्माने त्यांना सुखाचे दिवस दिले, असे नाही. ज्या सुमारास त्या ख्रिस्ती झाल्या, त्याच सुमारास १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने दख्खनला ग्रासले होते. त्याआधी १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग गावोगाव हिंडत होता. अहमदनगरच्या मिशनच्या शाळा आणि वसतिगृहे अनाथ मुलांनी भरून गेली. टिळकांचा स्वभाव सर्वांना माहीत होता. रस्त्यात पोरके मूल दिसले की ते घरी घेऊन येत. आणायचे काम टिळकांचे, पुढचे सारे लक्ष्मीबाईंचे. त्याला आंघोळ घालायची, त्याच्या उवा काढायच्या, खरूज धुवायची, त्याला ताटात वाढायचे आणि रात्री अंथरूण शोधायचे.

कवीच्या कारुण्याला टाळ्या मिळतात, पण त्या कारुण्याचा हिशेब स्वयंपाकघरात लागतो. मिशनचे वेतन बेताचे होते. डब्यात पीठ किती आहे, हे टिळकांना कधीच ठाऊक नसे. लक्ष्मीबाई चिडत, भांडत, त्यांचे तोंडही काही कमी नव्हते. पण आलेले मूल परत गेले नाही. त्यांच्या श्रद्धेचे रूप प्रार्थनेच्या लांब भाषणांत शोधून सापडणार नाही. ते या न परतवलेल्या मुलांत सापडते. भाकरीचे तुकडे पाडताना एक तुकडा जास्त पाडायचा, एवढ्या साध्या कृतीत त्यांनी आपला नवा धर्म बसवला.

प्लेगच्या दिवसांत शाळेतील मुलींना लागण झाली, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला लक्ष्मीबाई पुढे झाल्या. प्लेगच्या रोग्याजवळ जाणे म्हणजे मरणाला बोलावणे, अशी तेव्हाची समजूत होती आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. उपाय हाताशी नव्हते. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. अशा वेळी घरी स्वतःचा मुलगा असलेल्या बाईने दुसऱ्यांच्या मुलींच्या उशाशी बसणे, हे धैर्य सोपे नव्हते. ज्या हातांना एके काळी परक्याचा स्पर्श म्हणजे विटाळ वाटे, त्याच हातांनी रोगाने तापलेल्या मुलींची अंगे पुसली. नानांच्या घरातील पाण्याचे हंडे अखेर असे कामाला आले.

मराठी मातीतला येशू

टिळकांना १९०४ मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. परदेशी मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, पण त्यांच्या चाकोरीत ते मावले नाहीत. संतांच्या अभंगाची वाट धरून त्यांनी ख्रिस्तभक्तीची गीते रचली. कीर्तन आणि भजन त्यांनी उपासनेत आणले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची रचना आजही मोठ्या संख्येने आहे. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. मराठी कवितेत तर फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांचे स्थान होतेच.

लक्ष्मीबाईंनी या मराठमोळ्या ख्रिस्ती वळणाला घर दिले. त्यांची भाषा बदलली नाही, म्हणी बदलल्या नाहीत, पाहुण्याला जेवल्याशिवाय न पाठवण्याची रीत बदलली नाही. दार मात्र पूर्वीपेक्षा अधिक उघडे झाले. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने सर्वांना थक्क केले आणि बालकवी हे नाव मिळवले. टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. घरच्या दारिद्र्याने आणि हळव्या स्वभावाने पोळलेल्या या मुलाला लक्ष्मीबाईंनी दत्तूच्या बरोबरीने वाढवले. त्याचे रुसवे काढले, खोड्या सोसल्या, त्याच्या कविता ऐकल्या. ख्रिस्ती घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले आणि त्याबद्दल त्या घरात कोणी त्यांना टोकले नाही. ५ मे १९१८ रोजी खानदेशातील भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला, तेव्हा टिळकांच्या घराला आपलाच मुलगा गेल्याचे दुःख झाले.

पुन्हा एकदा मोकळे हात

१९१७ मध्ये टिळकांनी आयुष्यातील दुसरी मोठी उडी घेतली. मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने ख्रिस्ताचे काम करायचे, असे त्यांनी ठरवले. साताऱ्याला राहून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून ज्यात एकत्र बसता येईल, असा हा बंधुसमाज होता. कल्पना उदात्त होती, पण पंचावन्नाव्या वर्षी ठरलेले वेतन सोडणाऱ्या नवऱ्याच्या बायकोपुढे उद्याच्या जेवणाचा प्रश्न होता. १८९५ मध्ये टिळकांनी एकट्याने निर्णय घेतला आणि लक्ष्मीबाई कोसळल्या होत्या. या वेळी त्या कोसळल्या नाहीत. कुरकुर केली असेल, पण त्या बरोबर राहिल्या. बावीस वर्षांत काय बदलले होते, हे सांगायला एवढा एक फरक पुरेसा आहे.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या उंबरठ्यावर होत्या. संन्यस्त वृत्तीने राहिलेल्या माणसाच्या मागे पैशांचा साठा असण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा जिवंत नवऱ्याचे वैधव्य भोगलेल्या या बाईवर आता खरे वैधव्य आले. पण पहिल्या वेळी आप्तांच्या ओसरीवर बसलेली लक्ष्मी आणि आताच्या लक्ष्मीबाई एक नव्हत्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम पत्करले. नोकरीचा अनुभव नाही, इंग्रजी नाही, कागदी कामाची सवय नाही, आणि हाताखाली वेगवेगळ्या स्वभावांच्या मुली. त्यांनी ते काम आपल्या पद्धतीने, म्हणजे घर चालवावे तसे चालवले. पुढे देवदत्तच्या नोकरीनिमित्ताने त्या कराचीलाही काही वर्षे राहिल्या. अखेरचा मुक्काम मात्र नाशिकलाच झाला. जेथून धर्मभ्रष्टाची बायको म्हणून त्यांना मान खाली घालून वावरावे लागले होते, त्याच परिसरात त्या साऱ्या गावाच्या आदराला पात्र होऊन परतल्या.

अपुरे पुस्तक, पुरे केलेले

टिळकांनी ओवीछंदात ख्रिस्ताचे चरित्र रचायला घेतले होते. 'ख्रिस्तायन' हे त्याचे नाव. सुरुवातीचे सुमारे दहा अध्याय झाले आणि मृत्यूने लेखणी थांबवली. महाकाव्य अपुरे राहिले. ज्यांना जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे न्यायचे ठरवले. पतीच्या विद्वत्तेशी त्यांना स्पर्धा करायची नव्हती आणि ते शक्यही नव्हते. त्यांच्यापाशी होते ते कानात भिनलेले ओवीचे वळण, जात्यावरच्या गाण्यांची लय आणि येशूच्या चरित्राकडे घरच्या माणसाच्या चरित्राप्रमाणे पाहण्याची सवय. वर्षानुवर्षे खपून त्यांनी साठांहून अधिक अध्याय रचले आणि ग्रंथ तडीस नेला. त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पतीच्या धर्मांतराने ज्यांचे जग उद्‌ध्वस्त झाले होते, त्यांनीच त्या धर्माच्या संस्थापकाचे मराठी ओवीचरित्र पूर्ण करावे, यासारखा योग कादंबरीतही जुळवून आणणे कठीण.

'स्मृतिचित्रे'चा जन्मही असाच कौटुंबिक कारणाने झाला. देवदत्तला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. आईने आठवणी सांगाव्यात, एवढीच त्याची मागणी होती. लक्ष्मीबाईंनी आठवणी सांगायला सुरुवात केली आणि त्या आठवणींनी स्वतःच एका ग्रंथाचे रूप घेतले. आधी साप्ताहिकातून क्रमशः आणि मग १९३४ पासून पुस्तकरूपाने त्याचे चार भाग निघाले. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांच्या हाती पडला. आचार्य अत्रे यांच्यासारख्या साहित्यिकांनी या पुस्तकाची थोरवी मोकळ्या मनाने गायली. त्यांच्या कवितांचा 'भरली घागर' हा संग्रहही पुढे प्रसिद्ध झाला.

या आत्मचरित्रात धर्मप्रचार नाही. नव्या धर्माची बढाई नाही आणि जुन्या धर्माची नालस्तीही नाही. ज्या आप्तांनी त्यांना संकटात सांभाळले, त्या सोवळ्यातल्या माणसांविषयी कृतज्ञता ओसंडून वाहते. मिशनमधल्या माणसांचे दोष त्या झाकत नाहीत. टिळकांचा तिरसटपणा, विसराळूपणा, दानशूरपणाचा अतिरेक हे सारे त्या हसत हसत मांडतात, आणि स्वतःची फजिती सांगताना तर त्यांना विशेष रंग चढतो. श्रद्धेने माणूस कडवा होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. लक्ष्मीबाईंची श्रद्धा त्यांना मऊ करीत गेली. याचे कारण बहुधा हे असावे की ती वादविवादात जिंकून मिळालेली नव्हती. रडून, भांडून, पोरांची आजारपणे काढून आणि रिकाम्या डब्यांचे तळ पाहून ती त्यांच्याकडे आली होती.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. नंतरच्या काळात 'स्मृतिचित्रे'च्या अनेक आवृत्त्या निघाल्या, तिची इंग्रजी भाषांतरे झाली, त्यांतले शांता गोखले यांचे २०१७ मध्ये आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या चित्रपटात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या आणि पुस्तक न वाचलेल्या घरांतही त्या पोहोचल्या. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या आत्मचरित्राची सटीप आवृत्ती सिद्ध करून त्यातील माणसे आणि प्रसंग यांचे संदर्भ पुढील वाचकांसाठी जपून ठेवले.

कोणत्याही धर्माच्या वाचकाला लक्ष्मीबाई आपल्या वाटतात, याचे रहस्य त्यांच्या जगण्यात आहे. त्यांनी चमत्कार पाहिल्याचे सांगितले नाही, साक्षात्काराचा दावा केला नाही. महिनाअखेरीला पैसे न पुरणे, नवऱ्याचा लहरी स्वभाव, मुलाचा ताप, शेजाऱ्याचे टोमणे, दारात आलेला उपाशी जीव, या गोष्टींशी त्यांची श्रद्धा रोज झुंजली. कधी हरली असेल, पण सकाळी पुन्हा चूल पेटवायला उठली. नाना गोखल्यांच्या घरात देवासाठी माणसांना दूर ठेवले जाई. त्यांच्या लेकीने देवासाठी माणसांना घरात घेतले. एका आयुष्यात तोडलेले हे अंतर जलालपूर ते कराची या प्रवासापेक्षा कितीतरी लांबचे होते.